उत्तर देण्याची सक्ती

महाराष्ट्रात वक्तृत्वाला मान आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे, आणि शाळा-कॉलेजांत वक्तृत्वाच्या करंडकांना, ढालींना तोटा नाही. या स्पर्धांची रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. विषय कितीतरी दिवस आधी कळतो, भाषण लिहिलं जातं, बऱ्याचदा शिक्षक किंवा पालक त्यावर हात फिरवतात, मग ते पाठ होतं आणि घोटलं जातं. परीक्षकांच्या कागदावर उच्चार, आवाजाची फेक, हावभाव, मुद्द्यांची मांडणी असे रकाने असतात. वादविवाद स्पर्धा म्हणून जी भरते तिचीही घडण बहुतेक ठिकाणी अशीच. एक जण अनुकूल बाजू मांडून खाली उतरतो, दुसरा प्रतिकूल बाजू मांडतो, आणि दोघांचीही भाषणं आदल्या आठवड्यातच पूर्ण झालेली असतात. प्रतिकूल बाजूच्या मुलानं अनुकूल बाजूचं भाषण ऐकलंच नसतं, तरी त्याच्या भाषणातलं एकही वाक्य बदललं नसतं.

'मतभेद' हा या अंकाचा विषय. तो समजून घ्यायला विधिमंडळाची गॅलरी किंवा टीव्हीवरच्या चर्चा या उघड जागा आहेत. पण मतभेद कसा करावा याचे नियम लिहून, घड्याळ लावून, निकालाची कारणं देऊन जिथे त्याचा सराव होतो ती जागा वेगळी आहे. कॉलेजांमधल्या 'पार्लमेंटरी डिबेट'च्या खोल्यांमध्ये हा सराव चालतो. तिथे बोलण्याइतकंच ऐकण्याचं काम असतं आणि प्रतिपक्षाच्या सर्वांत भक्कम मुद्द्याला भिडल्याशिवाय वरचा क्रमांक मिळत नाही. उत्तर देण्याची ही सक्ती आपल्या वक्तृत्वपरंपरेत जवळजवळ नाही, आणि ती मराठीत यावी, असं मला वाटतं. त्यासाठी आधी हा प्रकार चालतो कसा ते पाहायला हवं.

पंधरा मिनिटं

या प्रकाराची मुळं इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या वादसभांत आहेत. केंब्रिजची वादसभा १८१५ सालची, ऑक्सफर्डची १८२३ ची. तिथल्या वादांचा निर्णय श्रोत्यांच्या मतांनी होई. ऑक्सफर्डमध्ये ९ फेब्रुवारी १९३३ रोजी 'हे सदन कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही' हा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाला आणि ब्रिटनभर खळबळ उडाली. स्पर्धेचं रूप पुढे वेगळं झालं. विद्यापीठांची जागतिक स्पर्धा १९८१ मध्ये ग्लासगोला सुरू झाली, वर्ष सरताना ती भरते, आणि २०१४ ची स्पर्धा चेन्नईत झाली. तिथे वापरतात ती पद्धत 'ब्रिटिश पार्लमेंटरी'. आशियाई स्पर्धांत तीन-तीन जणांच्या दोन संघांचीही एक पद्धत चालते. तिच्यात तयारीला अर्धा तास असतो आणि शेवटी चार मिनिटांचं समारोपाचं भाषण असतं. नवख्यानं मात्र ब्रिटिश पद्धत आधी समजून घ्यावी. उत्तर देण्याची सक्ती तिच्यात सर्वांत कडक आहे.

फेरीच्या सुरुवातीला सगळे स्पर्धक एका सभागृहात जमतात. पडद्यावर आधी वर्गवार यादी येते: कोणत्या वर्गात कोणते चार संघ आणि कोण कोणत्या बाजूला. मग विषय येतो. त्याला सगळे 'मोशन'च म्हणतात. विषय अनोळखी असेल तर त्याआधी चार ओळींची माहिती दाखवतात. तिथून पंधरा मिनिटं मोजली जातात. जिन्यात, व्हरांड्यात, झाडाखाली दोघा-दोघांच्या जोड्या कागद घेऊन बसतात. मोबाइल, लॅपटॉप बंद ठेवायचे आणि मार्गदर्शकाशी बोलायचं नाही. बाजू चिठ्ठीनं ठरलेली असते, ती बदलून मिळत नाही.

नवखी जोडी ही पंधरा मिनिटं आपले मुद्दे आठवण्यात घालवते. मुरलेली जोडी पहिली दोन-तीन मिनिटं गप्प बसून स्वतंत्रपणे विचार करते, मग समोरच्या बाकावर आपण असतो तर काय म्हटलं असतं याची यादी करते, आणि त्या यादीतला सर्वांत अवघड मुद्दा निवडून त्यावर सर्वाधिक वेळ देते. स्वतःचे मुद्दे त्यानंतर आकार घेतात. हा क्रम आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांचाच आहे. पूर्वपक्ष पुरता मांडायचा, आणि मगच सिद्धान्ताकडे यायचं.

पंचवीस किलोमीटरचा प्रश्न

नियम नुसते सांगून हा खेळ डोळ्यांपुढे उभा राहत नाही, म्हणून महाराष्ट्राच्या ओळखीचा एक विषय घेऊ: 'हे सदन दोन साखर कारखान्यांमधली किमान हवाई अंतराची अट रद्द करेल.' केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात हे अंतर किमान १५ किलोमीटर आहे, महाराष्ट्रात ते २५ किलोमीटर ठेवलं आहे. साखर उद्योगाचा विचार करणाऱ्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये ही अट काढून टाकण्याची शिफारस केली होती. दोन्ही बाजूंना भरपूर बोलता येईल असा हा विषय आहे, आणि चांगल्या मोशनची पहिली कसोटी तीच.

वर्गात चार बाक असतात. सरकार पक्षाचे दोन संघ, विरोधी पक्षाचे दोन. प्रत्येक संघात दोघे, प्रत्येकाला सात मिनिटं. पहिलं भाषण 'पंतप्रधाना'चं. धोरण नेमकं काय हे स्पष्ट करण्याची जबाबदारी त्याची. अट कधीपासून जाणार, परवाने कोण देणार, चालू कारखान्यांचं काय, हे त्यानं पहिल्या मिनिटातच सांगून टाकायचं, म्हणजे पुढचा तास सगळे एकाच गोष्टीविषयी बोलतील. मग कारण. ऊस तोडल्यावर थांबत नाही. त्यातली साखर तासातासानं उतरते, म्हणून शेतकरी माल घरात ठेवून भावासाठी वाट पाहू शकत नाही. जवळ एकच कारखाना असेल तर तोडणीचा कार्यक्रम कधी लागेल, वजनकाट्यावर काय दिसेल, एफआरपीची, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दराची, रक्कम कायद्यानं ठरलेल्या चौदा दिवसांत मिळेल की नाही, हे सगळं एकाच्याच हातात राहतं. दुसरा कारखाना जवळ आला की हा हात सैल होतो.

इथपर्यंतचं भाषण वक्तृत्व स्पर्धेतही शोभलं असतं. त्यानंतर 'विरोधी पक्षनेता' उभा राहतो आणि फरक दिसू लागतो. त्याच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत परीक्षक एकच गोष्ट शोधतात: आत्ता झालेल्या भाषणाला हा भिडतो का? तो म्हणतो, शेतकरी आजही बांधलेला नाही. झोनबंदी केव्हाच उठली, हव्या त्या कारखान्याला ऊस घालता येतो. उलट कारखाना चालायला पुरेसे दिवस गाळप लागतं. त्याच शिवारातल्या उसावर दोन कारखाने उभे राहिले की दोघांचाही हंगाम आखूड होतो, कर्ज फिटत नाही, आणि सहकारी कारखाना बुडाला तर भागभांडवल शेतकऱ्याचंच बुडतं.

एवढ्यात समोरच्या बाकावरून कुणीतरी उठून हात पुढे करतं. हा 'पीओआय', म्हणजे बोलणाऱ्याला मध्येच विचारायचा मुद्दा. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून तो कधीही मागता येतो, पंधरा सेकंदांत आटोपावा लागतो, आणि तो घ्यायचा की नाही हे बोलणारा ठरवतो. आपल्या लोकसभेतही बोलणाऱ्या सदस्यानं थांबून वाट दिली तरच दुसऱ्याला मध्ये बोलता येतं, त्याच संकेताचं हे स्पर्धेतलं रूप. वक्ता मान डोलावतो. प्रश्न येतो: "तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्याच पैशातून वजा होतो, मग साठ किलोमीटरवरचा कारखाना त्याला परवडणारा पर्याय कसा?"

या प्रश्नानं 'शेतकरी मोकळा आहे' या उत्तरातली कच्ची जागा उघडी पाडली आहे. ती सर्वांना दिसली आहे, परीक्षकांच्या वहीत उतरली आहे. वक्त्याकडे काही सेकंद आहेत. पाठ केलेलं भाषण इथे कामाला येत नाही. तो एकतर मान्य करतो की लांबचा पर्याय महाग आहे, आणि मग दाखवतो की बुडालेल्या कारखान्याचा फटका त्याहून मोठा आहे. किंवा टाळून पुढे जातो, आणि टाळल्याची नोंद होते. एकही पीओआय न घेता सात मिनिटं बोलणारा भित्रा ठरतो, म्हणून एक-दोन घेणं हा शिष्टाचार आहे. तिसरा, चौथा वक्ता, म्हणजे दोन्ही बाजूंचे उपनेते, याच दोन प्रश्नांना आणखी खोल नेतात: खरेदीदार एकच असण्याची किंमत जास्त, की कारखाना बंद पडण्याची? कोणाचं नुकसान मोठं, कोणाचं अधिक संभवनीय, आणि कोणतं पुन्हा भरून निघणारं नाही? डिबेटच्या बोलीत याला 'वेइंग' म्हणतात. नवखे वक्ते इथेच सर्वांत कमी पडतात. त्यांचे मुद्दे चांगले असतात, पण दोन चांगल्या मुद्द्यांपैकी कोणता मोठा, आणि का, हे सांगायचं राहून जातं.

मागच्या बाकांवरचे दोघे-दोघे

ब्रिटिश पद्धतीचं वैशिष्ट्य उरलेल्या दोन संघांत आहे. त्यांची बाजू पुढच्या संघाचीच, पण ते त्यांचे भागीदार नसतात. स्पर्धा चारही संघांत असते आणि क्रमांक एक ते चार असे लागतात. मागच्या संघाला पुढच्या संघाशी विसंगत बोलता येत नाही. ती 'नाइफिंग' ठरते आणि महागात पडते. त्यांचंच पुन्हा सांगून गुणही मिळत नाहीत. म्हणून चार भाषणं कान देऊन ऐकायची, काय सुटलंय ते शोधायचं, आणि तेवढंच नवं घेऊन उभं राहायचं. हे 'एक्स्टेन्शन'.

उसाच्या वादात आतापर्यंत चार भाषणं शेतकरी आणि कारखाना यांच्यावर झाली. ऊस तोडणारा कुणाला आठवला नाही. सरकारच्या मागच्या बाकावरचा सदस्य उठून म्हणू शकतो की कारखाने वाढले तर मजुरांसाठीही चढाओढ होईल, आणि बीडहून जोडीनं येणाऱ्या ऊसतोड मजुराला पहिल्यांदाच दर मागता येईल. विरोधी बाजूचा सदस्य त्याला उत्तर देतो: करार मजुराशी होत नाही, मुकादमाशी होतो. चढाओढ वाढली तर उचल वाढेल, आणि उचल म्हणजे मजुराच्या अंगावरचं कर्ज. म्हणजे त्याच चढाओढीनं तो अधिक बांधला जाईल. वादाची पातळी इथे उंचावली. दोघांनी एकच वस्तुस्थिती घेतली आणि तिच्यातून विरुद्ध दिशेला जाणारी कारणसाखळी दाखवली. आता कोणाची साखळी अधिक घट्ट, हे परीक्षकाला तपासता येतं.

शेवटचे दोघे 'व्हिप'. खऱ्या संसदेतला व्हिप पक्षादेश काढतो, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून तो मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. स्पर्धेतल्या व्हिपला आदेश काढायचा नसतो, त्याला तासाभराचा वाद दोन-तीन प्रश्नांत बसवायचा असतो. नवा मुद्दा काढण्याची त्याला मुभा नसते. प्रत्येक प्रश्नावर समोरच्यांनी काय म्हटलं ते त्यांनाही पटेल अशा शब्दांत मांडायचं, आणि मग आपल्या संघाचं म्हणणं त्यावर कसं भारी पडलं ते दाखवायचं. ज्यानं सहा-सात भाषणं नीट ऐकली नाहीत, त्याला हे काम करताच येत नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकारात शिकण्यासारखी सर्वांत मोलाची भूमिका ही आहे, आणि नवखे तीच टाळतात.

परीक्षक काय ऐकतो

आठ भाषणं संपली की वक्ते बाहेर जातात आणि परीक्षक आपसांत चर्चा करतात. एक मुख्य, बरोबर दोन किंवा अधिक साहाय्यक. आधी एकमतानं क्रमांक ठरवायचा प्रयत्न होतो. पहिल्या संघाला तीन गुण, मग दोन, एक आणि शून्य. प्रत्येक वक्त्याला पन्नास ते शंभरमध्ये वेगळे गुण असतात, पण ते क्रमांकांशी जुळावे लागतात: हरलेल्या संघाची बेरीज जिंकलेल्या संघापेक्षा जास्त असून चालत नाही. परीक्षकानं स्वतःचं मत आणि विशेष ज्ञान बाजूला ठेवून, वर्तमानपत्र वाचणाऱ्या, मोकळ्या मनाच्या सामान्य नागरिकाच्या जागी बसून ऐकायचं असतं. साखर उद्योगातल्या जाणकाराला एखादा मुद्दा खोटा पाडता आला असता, तरी वर्गातल्या कोणी तो खोडला नसेल तर त्यानं स्वतः तो खोडायचा नाही.

मग वक्त्यांना आत बोलावून निकाल आणि त्याची कारणं सांगतात. पहिला संघ दुसऱ्याच्या पुढे का, दुसरा तिसऱ्याच्या पुढे का, कोणत्या मुद्द्यावर, कोणत्या उत्तरामुळे. जागतिक स्पर्धेत बाद फेऱ्यांआधीच्या नऊ फेऱ्यांपैकी पहिल्या सहांत ही कारणं लगेच कळतात, शेवटच्या तीन बंद असतात. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांत निकाल पुकारला जातो, कारणं परीक्षकांच्या मनात राहतात आणि हरलेला मुलगा घरी जाताना आपलं काय चुकलं ते न कळताच जातो. उत्तर देण्याची सक्ती परीक्षकावरही आहे, यामुळेच तिला अर्थ येतो. वक्त्यांनी कारणं द्यायची आणि परीक्षकांनी मात्र द्यायची नाहीत, अशी शिस्त फार काळ टिकली नसती.

'हा तर जल्प झाला'

यावर पहिला आक्षेप जुना आणि गंभीर आहे. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला. वाद सत्य कळावं म्हणून, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडेत स्वतःचा पक्षच नसतो, नुसतं खंडन असतं. चिठ्ठीनं मिळालेली बाजू जिंकण्यासाठी मांडणं हा सरळ जल्प आहे, आणि त्यातून कशाचंही समर्थन करणारी, कशावरच न ठरणारी माणसं घडतील, असं म्हणता येईल. आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. पण त्याच न्यायसूत्रांनी पराभवाची बावीस निग्रहस्थानं मोजली आहेत, कारण जिंकण्यासाठी चाललेल्या वादालाही नियम हवेत हे त्यांना दिसलं होतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांना दोन्ही प्रकारच्या संभाषा शिकवल्या आहेत: मित्रभावानं चालणारी आणि विरोधातून चालणारी. दुसरीत उतरण्याआधी प्रतिपक्ष आणि सभा कशी आहे ते पारखावं असंही तिथे सांगितलं आहे. वैद्यानं आपल्या निदानाविरुद्धचं म्हणणं आधी ऐकलेलं असणं रोग्याच्या हिताचंच आहे.

उत्तरार्ध मला मान्य नाही. स्वतःच्या मताची बाजू मांडताना माणूस मुद्दे निवडत नाही, त्याला ते आधीच मिळालेले असतात. विरुद्ध बाजू वाट्याला आली की त्याला प्रथमच विचारावं लागतं की शहाणी माणसं असं का मानत असतील. अंतराच्या अटीच्या बाजूनं सात मिनिटं बोललेला शेतकऱ्याचा मुलगा अट रद्दच व्हावी असं उद्याही म्हणेल, पण कारखाना बुडण्याची भीती त्याला आता माहीत असेल. मर्यादा मात्र आहे. एखाद्या समूहाच्या माणूसपणावरच वाद घालायला लावणारा विषय कुणाच्याही वाट्याला चिठ्ठीनं येऊ नये. म्हणून विषय ठरवणाऱ्यांवर मोठी जबाबदारी असते, आणि नीट चाललेल्या स्पर्धांत अशा तक्रारी ऐकायला स्वतंत्र माणसं नेमलेली असतात.

दुसरा आक्षेप उथळपणाचा. पंधरा मिनिटांत कोणता अभ्यास होणार? वक्ता आकडा ठोकून देईल आणि खोटा असूनही खपेल. खपतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. समोर कुणालाच ठाऊक नसेल तर चुकीची माहिती फेरी जिंकून देऊ शकते. पद्धतीनं त्यावर केलेला उपाय अर्धाच आहे: नुसत्या आकड्याला फारसं वजन द्यायचं नाही, कारणसाखळीला द्यायचं. मुकादम आणि उचल यांचा मुद्दा एकही आकडा न सांगता उभा राहतो, कारण ऐकणाऱ्याला त्यातलं प्रत्येक पाऊल तपासता येतं. आणि अभ्यास त्या पंधरा मिनिटांत होतच नाही. तो वर्षभर होतो: अर्थकारण, परराष्ट्र, न्यायालयांचे निकाल, शेती. वाचन नसलेली जोडी तिसऱ्या फेरीपर्यंत उघडी पडते.

तिसरा आक्षेप वेगाचा आणि परिभाषेचा. मुरलेले वक्ते कधी कधी इतके भरधाव बोलतात की बाहेरच्या माणसाला काहीच लागत नाही. हा दोष खरा आहे आणि त्याला कोणतंही समर्थन नाही. सामान्य नागरिकाला कळेल असं बोलणं हीच कसोटी असेल, तर धाप लागेपर्यंत बोलणाऱ्याचे गुण कापले जायला हवेत. अनेक परीक्षक कापत नाहीत. नवख्यानं तरी या वेगाच्या मागे लागू नये. सात मिनिटांत दोन मुद्दे पुरते समजावणारा वक्ता पाच मुद्दे उरकणाऱ्यापेक्षा सहसा वर राहतो.

मराठीतून

सर्वांत वजनदार आक्षेप भाषेचा आहे. भारतात हा प्रकार बहुतांशी इंग्रजीतून चालतो. आयआयटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठं, महानगरांतली जुनी कॉलेजं आणि महागड्या शाळा ही त्याची घरं. भारताच्या शालेय संघानं २०१९ मध्ये बँकॉकला जागतिक शालेय स्पर्धा जिंकली. ही अभिमानाची गोष्ट आहे, पण लातूर किंवा सावंतवाडीच्या कॉलेजात मराठीतून शिकणाऱ्या मुलीपर्यंत तिचा फायदा पोचत नाही. जागतिक स्पर्धेत इंग्रजी परभाषा असलेल्या संघांसाठी बाद फेऱ्यांचे वेगळे गट आहेत, तेही इंग्रजीतूनच बोलणाऱ्यांसाठी.

पण पद्धत इंग्रजीला बांधलेली नाही. विद्यापीठांची जागतिक वादस्पर्धा स्पॅनिशमध्ये वेगळी भरते, अरबीत कतारच्या पुढाकारानं आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. आपल्याकडे केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद वर्षानुवर्षं चालू आहे, पण तिच्यात प्रश्नोत्तराचा तास, शपथविधी, विधेयक यांचा सादरीकरणासारखा सराव होतो. कोण काय बोलणार ते आधीच ठरलेलं असतं. तिचा उपयोग सभागृहाची रीत कळण्यापुरता आहे. आधी ठाऊक नसलेल्या मुद्द्याला उत्तर देण्याचा प्रसंग तिच्यात येत नाही.

मराठीतून हे सुरू करायला फार काही लागत नाही: आठ विद्यार्थी, तीन परीक्षक, एक घड्याळ आणि वह्या. विषय जवळचे निवडावेत. ग्रामपंचायतीनं गावात मोबाइल टॉवरला परवानगी द्यावी का, शहरातल्या गणेश मंडळांच्या मिरवणुका एकाच दिवशी संपवाव्यात का, पाणीपट्टी वापराप्रमाणे घ्यावी का. पहिल्या काही फेऱ्यांत सात मिनिटांऐवजी पाच पुरतात, आणि दोनच संघ समोरासमोर ठेवून मागचे बाक नंतर जोडता येतात. पीओआय, व्हिप, एक्स्टेन्शन हे शब्द तसेच ठेवले तरी चालतात, मुलं ते दोन फेऱ्यांत आपलेसे करतात. अडचण परीक्षकांची येते. वक्तृत्व स्पर्धांचे अनुभवी परीक्षक आवाजाला आणि अवतरणांना गुण देण्याला सरावलेले असतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत प्रशिक्षण त्यांचं व्हायला हवं. प्रत्येक भाषणातला मुद्दा एका रकान्यात, त्याला मिळालेलं उत्तर शेजारच्या रकान्यात, आणि उत्तर नसेल तिथे जागा कोरी, अशी वही त्यांच्या हातात द्यावी. निकाल सांगताना तीच वही उघडून वाचली तर चारही संघांना आपला क्रमांक कशामुळे लागला ते तिथल्या तिथे कळतं, आणि पुढच्या आठवड्यात कोऱ्या जागा कमी झालेल्या दिसतात.